येळवशीला मेस बंद असते, काकू!

वाचकांचे प्रश्न, मेसवाल्या काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, नमस्कार. मी लातूरला बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं गाव परभणी जिल्ह्यात, तिकडे आमच्या घरी वेळ अमावस्या, म्हणजे येळवस, करत नाहीत. गेल्या वर्षी त्या दिवशी मेस बंद, हॉटेलं बंद, सगळं गाव शेतावर. आम्ही चौघींनी बिस्किटांवर दिवस काढला. संध्याकाळी एका मैत्रिणीला ताप भरला म्हणून सरकारी दवाखान्यात गेलो, तर आवारात झाडाखाली पेशंटचे नातेवाईक आमच्यासारखेच उपाशी बसलेले. यंदा राष्ट्रीय सेवा योजनेतले आम्ही चौदा जण तिथल्या दीडशे माणसांना येळवशीचं जेवण करून घालणार आहोत. नऊ हजार रुपये जमलेत. स्वयंपाक कुणालाच धड येत नाही. भज्जी (हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची बेसन लावलेली भाजी), ताकातली आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे जमतील का? की सरळ पुलाव करावा?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : पुलाव करू नका. दवाखान्याच्या दारात वर्षभर कुणी ना कुणी पुलाव नाहीतर खिचडी वाटतच असतं. येळवशीला पुलाव म्हणजे दिवाळीला पोहे.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे आणि नांदेडच्या काही भागात लोक घराला कुलूप लावून शेतात जातात. पलीकडे कर्नाटकात हीच एळ्ळ अमावास्या. एळ्ळ म्हणजे तीळ. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, तिच्यात पाच पांडवांची पूजा, आणि मग जो दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. 2024 साली तर 11 जानेवारीला एकदा आणि 30 डिसेंबरला परत, अशी दोनदा आली. दोन्ही वेळा माझी मेस बंद होती. हो, त्या बंद मेसवाल्यांत मीही आहे. सत्तावीस वर्षं मेस चालवली, येळवशीला एकदाही गॅस पेटवला नाही. आमचं दोन एकर रान औशाच्या वाटेवर आहे, पोरांना म्हणायचे, चला शेतावर. टेम्पो भरून यायची. जी येत नसत ती त्या दिवशी काय खात असतील, हे तुझं पत्र वाचेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

आता झाडाखालच्या माणसांचं. तीनेक वर्षांमागं माझे मालक येळवशीच्या दिवशीच दवाखान्यात होते. सूनबाईनं शेतावरून डबा आणला. शेजारच्या खाटेवर देवणीकडचा एक माणूस, पायाला वजन बांधलेलं, आणि उशाशी त्याची बायको. बारा दिवस ती तिथंच. मी तिला भज्जी आणि उंडा दिला. तिनं उंडा दोन्ही तळव्यांत धरला, दाबून बघितला, म्हणाली, "पीठ जुनं हाय बाई तुमचं." खरंच होतं. मग एक घास खाऊन म्हणाली, "येळवशीला मला आयतं कुणी वाढलंच नाही कधी. हाताला कसंतरीच होतंय." आणि बसल्या बसल्या मांडीवर नुसतेच तळवे एकमेकांवर फिरवायला लागली, उंडे वळतात तसे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा : तुम्हाला स्वयंपाक येत नाही ना? त्यांना येतो. आदल्या दिवशी संध्याकाळी दोघी-तिघी जाऊन झाडाखाली बसा. "वाटप आहे, रांग लावा" म्हणू नका. म्हणा, "उद्या येळवस, आमच्याकडं जेवायला या, आणि उंडे वळायला कुणी येतं का?" दहा बायका तरी उठतील बघ. औसा, निलंगा, रेणापूर, कुठल्या कुठल्या गावच्या. मात्र ज्यांचा पेशंट खोकल्याचा, जुलाबाचा किंवा कावीळ झालेला आहे, त्यांना पिठात हात घालू देऊ नका. गोड बोलून शेंगा सोलायला बसवा. त्या शेंगा पुढं शिजतातच.

परवानगी लेखी घ्या. दवाखान्याच्या अधीक्षकांच्या नावानं अर्ज करा आणि समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटा. कोणत्या वॉर्डात कुणाचं कुणी नाही, हे त्यांना ठाऊक असतं. खाटेवरच्या पेशंटला काही द्यायचं नाही. कुणाचं मीठ बंद असतं, कुणाचं ऑपरेशन असतं. जेवायचं ते नातेवाइकांनी, आणि तेही सगळे एकदम येऊ शकत नाहीत, एक जण खाटेपाशी लागतो. त्यामुळे पंगती दोन करा, साडेअकराची आणि साडेबाराची.

सामानाचा अंदाज दीडशे माणसांचा देते. सजगुऱ्याचं म्हणजे बाजरीचं पीठ अकरा किलो. माणशी दोन उंडे धर. हे पीठ दोन दिवस आधीच दळून आणा. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, देवणीच्या बाईनं ओळखलं ते हेच. हिरवे दाणे मिळून आठ-नऊ किलो : तूर, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, वालपापडी. शेंगा घेताना दुपटीहून जास्त घ्या, टरफलंच फार निघतात. मेथी, पालक, चुका, कांद्याची पात मिळून दहा किलो. बेसन चार किलो, चिंच दीड किलो, आणि लसूण हात न आखडता. भाजी गंजगोलाईत सकाळी लवकर जाऊन घ्या, आणि आदल्या दिवशीच. येळवशीच्या सकाळी गोलाईच्या सोळाही रस्त्यांवर तुम्हाला काही मिळायचं नाही. तुमच्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी घरी फोन लावले तर तूर, ज्वारी आणि ताक फुकट येईल. पैसे वाचले तर त्यातून बिछायत केंद्राचं भाडं भागेल : दोन मोठे टोप, दोन शेगड्या, चार पराती, ओगराळी आणि एकोणीस किलोचं सिलिंडर. घरगुती टाकी नेऊ नका. ती तशी वापरायची नाहीच, आणि दोन मोठ्या शेगड्यांना पुरतही नाही.

शिजलेली भज्जी मात्र वीस घरांतून गोळा करू नका. असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच, "प्रत्येक शेतावर उरते की!" उरते. पण कुणाची पहाटे चारला शिजलेली, कुणाची आदल्या रात्रीची. एकत्र ओतली की सगळ्यात जुनीचं वय सगळ्यांना लागतं.

भज्जीचं तंत्र असं. कडक दाणे आधी मिठाच्या पाण्यात पूर्ण शिजवून घ्या. बेसन चिंचेच्या पाण्यात आणि ताकात कालवून चाळणीतून गाळा, नाहीतर गोळ्या होतात आणि मग चौदा जण चौदा दिशांनी घोटत बसता. मोठ्या टोपात लसूण, जिरं, हिरवी मिरची, मग पालेभाज्या, दाणे, आणि शेवटी बेसन धारेनं. बेसन पडल्यापासून एकानं तिथून हलायचं नाही. लांब दांड्याचं उलथनं टोपाच्या तळाला टेकवून फिरवत राहायचं. बेसन तळाशी बसतं आणि करपतं. करपलंच तर खरवडू नका. वरची भज्जी हळूच दुसऱ्या टोपात काढा, खालचा थर तसाच सोडा. आणि चुलीवर असताना तुम्हाला वाटेल त्याहून पातळ ठेवा; अर्ध्या तासात ती आपली आपण घट्ट होते. पहिल्या वेळेला माझी इतकी घट्ट झाली होती की मालक म्हणाले, वड्या पाड.

उंडे सोपे. पिठात मीठ, तीळ, ओवा, कढत पाणी. मुठीएवढा गोळा, मधे अंगठ्यानं खळगा, म्हणजे आतपर्यंत वाफ जाते. चाळणीवर वीस-पंचवीस मिनिटं. एक फोडून बघा, मधे कच्च्या पिठाचा रंग दिसला तर परत ठेवा.

आंबिलीवर मात्र नीट लक्ष द्या. घरी आम्ही ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवतो, पण दीडशे अनोळखी पोटांसाठी ते नको. पहाटे अडीच किलो ज्वारीचं पीठ पाण्यात पातळ शिजवा, परातींत ओतून गार करा, आणि मग ताजं ताक, ठेचलेला लसूण, आलं, जिरं, मीठ, कोथिंबीर. पंचवीसेक लिटर होईल. भांडं स्टीलचं घ्यायचं. मेसच्या दुसऱ्या वर्षी मी हौसेनं सासूबाईंच्या पितळी घागरीत आंबील केली. कल्हई कधीच उडालेली, मला ते कळलं नाही. आंबट ताक आणि मीठ कल्हई नसलेल्या पितळेत राहिलं की धातू उतरतो. अकरा पोरं रात्रभर ओकत होती. सकाळी घागरीच्या आत हिरवट वलय दिसलं तेव्हा पाय गळाले माझे. पोरं दोन दिवसांत उठली, पण एकाचे वडील तालुक्याच्या गावाहून आले आणि काही न बोलता माझ्यासमोर खुर्चीवर बसून राहिले. ते शिव्या देते तर बरं वाटलं असतं.

भज्जी शिजल्यापासून वाढेपर्यंत गरमच हवी, अन्नसुरक्षेच्या हिशेबानं 60 अंशांच्या वर. तुम्ही फार्मसीवाले, थर्मामीटर वापराल. पण प्रयोगशाळेतला नको, आणि पाऱ्याचा तर मुळीच नको. टोपात फुटला म्हणजे झालं! स्वयंपाकाचा स्टीलच्या सळईचा बाजारात मिळतो.

फोटो : टोपाचा काढा, उंड्यांचा काढा. जेवणाऱ्या माणसाचा नाही. अहवालाला लागतो म्हणाल तर स्वतःचे काढा, पिठानं भरलेले हात दाखवून.

आणि तुम्ही चौदा जण शेवटच्या पंगतीला त्यांच्यातच बसा. वाढायला त्या दहा बायका असतील.

प्रश्न : माझा मुलगा छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. दसऱ्याच्या सुट्टीत घरी न येता रात्र निवाऱ्यातल्या लोकांसाठी कुठं पुरणपोळ्या लाटत बसला. यासाठी का फी भरतो आम्ही? याचे काही गुण तरी मिळतात का?
— एक पालक, जालना

उत्तर : राष्ट्रीय सेवा योजनेत असेल तर दोन वर्षांत 240 तास भरल्यावर प्रमाणपत्र मिळतं. ही योजना काही आजची नाही, 24 सप्टेंबर 1969 ला 37 विद्यापीठांत सुरू झाली. कदाचित तुमच्या वेळीही कॉलेजात असेल. तुम्ही श्रमदानाच्या दिवशी कुठं होता ते मी विचारत नाही.

दादा, खरं सांगू? पुरण घालून पोळी न फुटता लाटता येते असा इंजिनिअर मी अजून पाहिलेला नाही. घरी आला की त्याला कणीक मळायला बसवा आणि पोळी खाऊन मग मला लिहा. मात्र सणाला येणार नाही हे त्यानं आधी कळवायला हवं होतं. आईनं त्याच्या वाटणीच्या पोळ्या केल्या असतील. तेवढ्यापुरती माझी बाजू तुमच्याकडं.

प्रश्न : काकू, आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजचे विद्यार्थी. आमच्या गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. त्यांना दिवाळीचा फराळ करून द्यावा असं ठरतंय. लाडू, चिवडा, शंकरपाळे असा बेत आहे. दिवाळीची सुट्टी लागली की कामाला लागू. काही सुचवाल?
— सात मित्र, बीड जिल्हा

उत्तर : सुट्टी लागेपर्यंत तुमची माणसं गेलेली असतील रे. दसरा झाला की टोळ्या हलायला लागतात. कारखान्याचा गाळप हंगाम तुमच्या कॉलेजच्या वेळापत्रकाला विचारून सुरू होत नाही. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, मुकादमाचा फोन येतो, आणि रात्रीतून ट्रॅक्टर भरतो. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. दिवाळीच्या दिवशी हे लोक कुठल्यातरी फडात नाहीतर वाटेत असतात.

म्हणून बेत दोन करा, आणि दोन्ही सुट्टीच्या भरवशावर ठेवू नका.

पहिला, निघायच्या संध्याकाळचा. आमच्या मेसमध्ये भांडी घासायला एक बाई होती, धारूरकडची, आधी नवऱ्याबरोबर कोयता म्हणून जायची. (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक माणूस गेला तर अर्धा कोयता. हिशेबाच्या वहीत माणसाचं नाव असं पडतं.) ती सांगायची, "निघायच्या दिवशी चूल आधीच गाडीत चढलेली असती. पीठ, सरपण, कोंबडी, लेकरू, सगळं वर, आणि खाली आम्ही उपाशी." त्या संध्याकाळी गरम जेवण द्या. आमटी-भात-भाकरी, काही मोठं नाही. आणि बरोबर बांधून द्यायला दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, नीट भाजून पूर्ण गार करून बांधल्या तर दोन दिवस हलत नाहीत. शेंगदाण्याची लसूण घालून कोरडी चटणी, पाण्याचा थेंब न लावता. लाडू द्यायचाच तर लेकरांच्या हातात एक-एक. चिवडा ट्रॅक्टरात सांडतो.

निघायची तारीख कुणाला विचाराल? मुकादमाला विचारू नका, तो सांगणार नाही. किराणा दुकानदाराला विचारा. चहा-साखर-तेल मोठ्या मापात कुणी नेलं, यावरून त्याला कळतं.

दुसरा बेत मागं राहिलेल्यांचा. गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडं ठेवलेली शाळेतली पोरं उरतात. या पोरांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तुमच्या शाळेत ती चालते का, हे मुख्याध्यापकांना विचारा. चालत असेल तर फराळ करायला तिथंच जा, तयार पुडे नेऊ नका. पोरांच्या हातून करंज्या भरून घ्या. वाकड्यातिकड्या होतील, कडा फुटतील, सारण तेलात उतरेल. कढईपाशी मात्र तुमच्यातला मोठा एकच, आणि पोरं सहा हात लांब. ही अट मोडायची नाही. फराळ जास्त झाला तर त्याच पोरांबरोबर त्यांच्या आजी-आजोबांना पाठवा. नातवानं केलेली करंजी आहे म्हटल्यावर दात नसलेली आजीसुद्धा दुधात भिजवून खाते.

एक विचारायचं राहिलं : तुमच्या सात जणांतल्या कुणाचे आईवडील कोयत्यावर जातात का? असतील, तर बेत त्यालाच ठरवू द्या. मी लातूरची, मेसवाली. मला ऊसतोडीतलं कळतं ते भांडी घासणाऱ्या बाईकडून ऐकलेलं तेवढंच.

प्रश्न : सणाला आम्ही विद्यार्थी रेल्वे स्टेशनजवळच्या गरिबांना जेवण देतो. भात नेहमी उरतो. दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन वाटला तर चालेल ना? कडकडीत गरम करतो.
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही चालणार. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत आणि टोपात कोमट राहिलेल्या भातात वाढतात. त्यांचं विष एकदा भातात उतरलं की फोडणीनं जात नाही, कितीही कडकडीत करा. घरी आपण वाटीभर शिळा भात परततो, कारण वाटीभर भात लवकर गार होतो. वीस किलोचा टोप मध्यरात्रीपर्यंत आतून कोमट असतो. हात घालून बघा एकदा.

मुळात उरतो का? तुम्ही माणशी किती तांदूळ धरता ते लिहिलं नाही. भाजी, पोळी, गोड असेल तर माणशी ऐंशी ग्रॅम पुरतात. आणि सगळा एकदम शिजवू नका. दोन तृतीयांश आधी, उरलेला भिजवून तयार ठेवा. रांग दिसली तरच शिजवा, वीस मिनिटांचं तर काम.

तुम्ही नांदेडात राहून मला कशाला विचारता? हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये एक दिवस सेवेला बसा. पोळ्या शेकायला नाहीतर भांडी घासायला. तिथं कुणी जात-गाव विचारत नाही. किती माणूस आलं की किती डाळ चढवायची, हे तिथली मंडळी रांगेकडं बघून ठरवतात. ते बघून या. आणि येताना डाळीच्या कढईचा तळ किती जाड आहे तेवढं मला लिहून कळवा, मला कधीचं विचारायचं आहे.